सात हजार टनांची फ्रिगेट आणि शस्त्रे इतकी मोजकी का? (जर्मन नौदलाचा एफ-१२५ वर्ग)

प्रश्न

जर्मन नौदलाच्या एफ-१२५, म्हणजेच बाडेन-व्युर्टेम्बर्ग वर्गाच्या फ्रिगेटांविषयी (फ्रिगेट म्हणजे विनाशिकेहून सहसा लहान युद्धनौका) मी गेले काही दिवस वाचतो आहे आणि जितके वाचावे तितकी एक शंका अधिकच घट्ट होत चालली आहे. या जहाजाची लांबी जवळजवळ १५० मीटर, रुंदी १८.८ मीटर आणि वजन सुमारे ७,२०० टन आहे. काही नौदलांत एवढ्या आकाराच्या जहाजाला सरळ विनाशिका म्हणतात. तरीही त्यावर उभ्या नळ्यांतून सुटणारी विमानविरोधी क्षेपणास्त्रे नाहीत, पाणबुडी शोधणारा सोनार नाही आणि पाणतीर (टॉर्पेडो) ही नाहीत. याच नौदलाचा आधीचा एफ-१२४, म्हणजे झाक्सन वर्ग, वजनाने हजाराहून अधिक टनांनी लहान असूनही त्यावर ३२ उभ्या नळ्यांचा प्रक्षेपक आहे.

माझे प्रश्न असे आहेत. शस्त्रांची ही कमतरता पैशाअभावी आली, की आराखडा करतानाच ती ठरवलेली होती? हे जहाज दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन तुकड्यांत बांधले गेले असे वाचले, ते नेमके कसे? आणि पहिले जहाज चाचण्यांनंतर नौदलाने स्वीकारण्यास नकार देऊन बांधणाऱ्यांकडे परत पाठवले, त्यामागे काय घडले होते? जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीलाच देतो: ही कमतरता ठरवून स्वीकारलेली होती. ती का स्वीकारली हे समजण्यासाठी या जहाजांचा करार कधी झाला ते पाहावे लागते. थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स आणि ल्यूर्सन यांच्या संयुक्त गटाला चार जहाजांचे काम जून २००७ मध्ये मिळाले. त्या काळात युरोपातल्या नौदलांसमोर समुद्रातल्या मोठ्या युद्धाचे चित्र नव्हते. जर्मन जहाजे लेबनॉनच्या किनाऱ्यावर पहारा देत होती, आफ्रिकेच्या शिंगाजवळ, म्हणजे सोमालियाच्या आसपासच्या समुद्रात, गस्त घालत होती आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सोमाली चाच्यांविरुद्ध युरोपीय संघाची अटालांटा मोहीम सुरू झाली. अशा कामांत जहाजाला शत्रूच्या ताफ्याशी झुंजायचे नसते, तर घरापासून हजारो मैलांवर महिनोन्महिने उभे राहायचे असते.

नौदलाची खरी अडचण वेगळीच होती. एक जहाज दूरच्या समुद्रात सतत ठेवायचे तर दुसरे वाटेत आणि तिसरे दुरुस्तीत, असे गणित सांभाळावे लागते. एफ-१२५ ने ज्यांची जागा घेतली ती एफ-१२२, म्हणजे ब्रेमेन वर्गाची जहाजे सुमारे ३,७०० टनांची होती आणि त्यांवर दोनशेहून अधिक माणसे लागत. त्यामुळे नव्या जहाजासमोर अट ठेवली गेली ती अशी, की ते सलग दोन वर्षे तैनातीच्या क्षेत्रात राहिले पाहिजे, मायदेशी न परतता वर्षाला ५,००० तास समुद्रात चालले पाहिजे आणि दोन मोठ्या दुरुस्त्यांमधले अंतर ६८ महिन्यांचे असले पाहिजे. वर्षाचे तास ८,७६० असतात हे ध्यानात घेतले, म्हणजे या अटीचा भार कळतो. जहाज तिथेच राहणार आणि माणसे मात्र दर चार महिन्यांनी विमानाने बदलणार. म्हणून चार जहाजांसाठी आठ खलाशी-संच नेमण्याचे ठरले. जहाजाचा मूळ संच जास्तीत जास्त १२६ जणांचा आहे. त्यापलीकडे हेलिकॉप्टरची तुकडी आणि विशेष दलाचे सुमारे पन्नास सैनिक धरून १९० जणांची राहण्याची सोय आहे.

आता आकार एवढा मोठा का, हे यातूनच उलगडते. माणसे कमी हवीत तर स्वयंचलित यंत्रणा जास्त लागते, आणि दुरुस्तीसाठी घरी जायचे नाही तर प्रत्येक यंत्राभोवती हात शिरेल एवढी मोकळी जागा, सुटे भाग ठेवण्याच्या खोल्या आणि दुहेरी व्यवस्था लागते. चार वेगवान नौका, दोन हेलिकॉप्टरांची शेड आणि कंटेनर ठेवण्याची जागा हेही आलेच. पोलाद आणि मोकळी जागा ही त्या मानाने स्वस्त असतात, खर्च चढतो तो शस्त्रे आणि त्यांना जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा. त्यामुळे केवळ टन मोजून एखाद्या युद्धनौकेच्या ताकदीचा अंदाज बांधला की हमखास चूक होते.

मला या आराखड्यातला सर्वांत चांगला भाग वाटतो तो चालनव्यवस्थेचा. पाण्यातले पंखे फिरवणाऱ्या दोन शाफ्टांवर सुमारे साडेचार मेगावॉटची एकेक विद्युत मोटर आहे, सुमारे तीन मेगावॉटची चार डिझेल जनित्रे त्यांना वीज देतात, आणि सर्वाधिक वेग हवा असेल तेव्हा २० मेगावॉटची एकच गॅस टर्बाइन मधल्या गिअरबॉक्समधून दोन्ही शाफ्टांना जोडली जाते. टर्बाइन लहान जागेत मोठी शक्ती देते, पण कमी भारावर चालवली तर इंधन उधळते. गस्तीवरचे जहाज बहुतेक वेळ संथच चालते. तेव्हा टर्बाइन बंद, गरजेपुरती एक-दोन जनित्रे चालू, अशी काटकसर करता येते, शिवाय तीच जनित्रे रडार, वातानुकूलन आणि स्वयंपाकघर यांनाही वीज पुरवतात. चार जनित्रे असल्याने जहाज चालू ठेवूनच एक उघडून दुरुस्त करता येते. वर्षाला ५,००० तासांची अट याच व्यवस्थेच्या जोरावर कागदावर उतरली. टर्बाइनसह वेग २६ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. युद्धनौकेसाठी हा आकडा मोठा नाही, पण चाच्यांच्या नावेचा पाठलाग जहाजाने करायचाच नाही, तो चाळीस नॉटहून वेगाने धावणाऱ्या छोट्या नौकांनी करायचा, असा विचार त्यामागे आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे जहाजाच्या वरच्या बांधकामाचे दोन मनोरे. बाजूने काढलेले छायाचित्र पाहिले तर पुढे आणि मागे असे दोन वेगळे पिरॅमिड दिसतात. नौदल याला दोन बेटांचे तत्त्व म्हणते. रडारचे स्थिर फलक, संपर्कयंत्रणा आणि इतर महत्त्वाची साधने या दोन बेटांत अशी विभागली आहेत, की एकावर आघात झाला किंवा आग लागली तरी दुसऱ्याच्या आधारे जहाज चालवता यावे आणि लढता यावे. घराजवळ कोणी मदतीला नाही हे गृहीत धरून केलेली ही योजना आहे.

तोफेची कथाही मोठी उद्बोधक आहे. किनाऱ्यावरच्या लक्ष्यांवर मारा करता यावा म्हणून सुरुवातीला सैन्याच्या स्वयंचलित हॉवित्झरचा, म्हणजे जमिनीवरच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा, १५५ मिलिमीटरचा बुरूज जहाजावर बसवण्याचा विचार होता, आणि २००२ मध्ये तो हॅम्बुर्ग या एफ-१२४ जहाजाच्या डेकवर ठेवून पाहिलाही गेला. जमिनीवरच्या तोफेला खारी हवा, हलता पाया आणि डेकला बसणारा धक्का यांच्याशी जुळवून घ्यायला लावणे अवघड ठरले, आणि अखेर इटालियन बनावटीची १२७ मिलिमीटरची नौदल तोफ निवडली गेली. तिच्याशिवाय जहाजविरोधी आठ क्षेपणास्त्रे, जवळच्या बचावासाठी २१ क्षेपणास्त्रांचे दोन रॅम प्रक्षेपक, २७ मिलिमीटरच्या दोन तोफा, दूरनियंत्रित मशीनगन आणि जमावाला पांगवण्यासाठी पाण्याच्या तोफासुद्धा आहेत. या शेवटच्या साधनावरून हे जहाज कोणत्या प्रसंगांसाठी आखले होते ते स्पष्ट होते.

प्रतिसाद ३

मी आयुष्यभर जहाजांच्या पोलादकामात आणि वजनाच्या हिशेबात राहिलेला माणूस आहे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. या विशिष्ट जहाजांवर मी काम केलेले नाही, मात्र पद्धत सगळीकडे एकाच जातीची असते.

आजची युद्धनौका कण्यापासून वर अशी एकाच जागी उभी केली जात नाही. प्रथम बंद शेडमध्ये पोलादी पत्रे कापून सपाट फलक तयार होतात, फलकांचे ठोकळे होतात आणि ठोकळ्यांचे मोठे विभाग होतात. ठोकळा अनेकदा उलटा ठेवून जोडतात, कारण वेल्डरला डोक्यावर हात धरून काम करण्यापेक्षा खाली पाहून काम करणे सोपे जाते आणि जोडही चांगला येतो. विभाग बंद होण्यापूर्वीच त्यात नळ, हवेचे मार्ग, केबलांचे आधार आणि जड यंत्रे बसवली जातात. जे काम शेडमध्ये एका तासात होते तेच बंदिस्त जहाजात उतरून करायचे तर कित्येक पटींनी अधिक वेळ खाते.

एफ-१२५ मध्ये पुढचा भाग ल्यूर्सनकडे आणि मागचा भाग हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत तयार झाला. पुढचा भाग पाण्यावरून ओढत हॅम्बुर्गला नेऊन तिथे दोन्ही भाग जोडले गेले. ऐकायला हे सोपे वाटते, पण दोन ठिकाणच्या कामगारांनी वेगवेगळ्या हवामानात बांधलेले दोन तुकडे एकमेकांसमोर आणल्यावर त्यांच्या बरगड्या, डेक आणि नळांची तोंडे मिलिमीटरांच्या हिशेबात जुळावी लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद आकसते आणि उन्हात एक बाजू तापली की लांबलचक भाग किंचित वाकतो. म्हणून जोडाच्या कडेला मुद्दाम थोडे जादा पोलाद ठेवतात आणि अंतिम मोजमाप झाल्यावरच ते कापतात. पहिल्या जहाजाचे पोलाद मे २०११ मध्ये कापायला घेतले, कणा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठेवला गेला, नामकरण डिसेंबर २०१३ मध्ये झाले आणि समुद्रातल्या चाचण्या २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या.

नामकरण आणि चाचण्या यांच्यातली ही मोठी फट उगाच पडलेली नाही. आतल्या अग्निरोधक लेपात दोष आढळला आणि तो खरवडून काढून पुन्हा लावावा लागला. लेप म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला रंगाचे दोन हात डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात लेपावर केबल, नळ आणि उपकरणे आधीच बसलेली असतात, त्यामुळे ती सगळी सोडवून, लेप काढून, पुन्हा लावून, पुन्हा जोडून पुन्हा तपासावी लागतात.

आता नकाराविषयी. चाचण्यांच्या काळात जहाजाचे वजन ठरल्यापेक्षा अधिक असल्याच्या आणि ते उजव्या बाजूला १.३ अंश कलत असल्याच्या बातम्या आल्या. यांत्रिक आणि संगणकीय यंत्रणांतले दोषही राहिले होते. २०१७ च्या अखेरीस जहाज दुरुस्तीसाठी बांधणाऱ्यांकडे परत गेले. १.३ अंश हा आकडा लहान दिसतो, पण १८.८ मीटर रुंदीवर तो एका कडेला दुसरीपेक्षा सुमारे ४३ सेंटिमीटर खाली नेतो. असा कल यायला फार मोठी चूक लागत नाही. उदाहरणासाठी जहाजाची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेले जहाज पुन्हा सरळ होण्याच्या क्षमतेचे माप, दीड मीटर धरली, तर एवढा कल गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून जेमतेम साडेतीन सेंटिमीटर सरकल्याने येतो. ७,२०० टनांच्या जहाजात मध्यरेषेपासून आठ मीटरवर तीस टन जादा बसले की झाले. कुठे केबलांचे जुडगे उजव्या बाजूने नेले, कुठे एक जनित्र ठरल्यापेक्षा जड आले, कुठे सुट्या भागांची खोली बाजूला सरकली, असे शेकडो छोटे बदल एकाच दिशेने जमा होतात.

कल हा स्थिर वजन टाकून सरळ करता येतो. मला त्याहून गंभीर वाटते ते एकूण वजन. युद्धनौका तीस वर्षे वापरायची असते आणि त्या काळात तिच्यावर नवी यंत्रे चढतच जातात. म्हणून आराखड्यात वाढीसाठी काही टन राखून ठेवलेले असतात. बांधतानाच ते खर्ची पडले तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरत नाही. माझ्या कामात मी पाहिले आहे, की वजनाची नोंद ठेवणाऱ्या विभागाचा शब्द आराखड्याच्या बैठकीत सर्वांत शेवटी ऐकला जातो, आणि त्याची किंमत गोदीत मोजावी लागते.

जहाज २०१९ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्याच्या खरेदी कार्यालयाकडे सोपवले गेले आणि १७ जून २०१९ रोजी विल्हेल्म्सहाफन येथे नौदलात दाखल झाले. पुढची तीन, म्हणजे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन, झाक्सन-आनहाल्ट आणि ऱ्हाइनलांड-फाल्त्स, २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये एकामागून एक आली. पहिल्या जहाजावर झालेले शिक्षण नंतरच्यांना उपयोगी पडते, हे त्या ओळीतून दिसते.

प्रतिसाद ४

प्रतिसाद १ मधली मांडणी मला मान्य आहे, पण ती वाचून सारे ठीकच होते असा समज होऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो. जहाज घडायला बारा वर्षे लागतात आणि ते तीस वर्षे चालते, हे करार करणाऱ्यांना ठाऊक होते. तेव्हा त्या एका दशकातल्या कामांपुरतेच ते घडवणे ही माझ्या मते चूक होती.

२०२४ मध्ये हे प्रत्यक्ष दिसले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत हेसन हे एफ-१२४ वर्गाचे जहाज युरोपीय संघाच्या मोहिमेत लाल समुद्रात उतरले आणि त्याने येमेनमधल्या हौथी बंडखोरांची ड्रोन पाडली. त्याच वर्षी बाडेन-व्युर्टेम्बर्ग हिंद-प्रशांत क्षेत्राच्या दौऱ्यावर निघाले, ऑक्टोबरमध्ये गोव्यालाही येऊन गेले, आणि परतीच्या वाटेवर मात्र लाल समुद्र टाळून त्याला आफ्रिकेला वळसा घालत केप ऑफ गुड होपच्या मार्गाने जावे लागले. सोबत फ्रांकफुर्ट आम माइन हे रसद पुरवणारे जहाज होते. रॅम हे क्षेपणास्त्र उत्तम आहे, पण ते मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी आहे आणि त्याचा पल्ला दहा किलोमीटरच्या आसपास. शेजारच्या जहाजावर क्षेपणास्त्रांचा घोळका चालून आला तर त्याच्यावर छत्र धरण्याची ताकद त्यात नाही. दूरच्या अशांत समुद्रात टिकून राहण्यासाठीच जे जहाज घडवले, त्यालाच असा समुद्र टाळावा लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यावरच्या माणसांच्या कौशल्यात काही उणे नव्हते.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे आभार. कलाचा हिशेब इतक्या सोप्या रीतीने मांडलेला मी प्रथमच वाचला. प्रतिसाद ४ वाचून पुढचा प्रश्न मनात येतो: एवढे मोठे जहाज आहे, तर उभ्या नळ्यांचा प्रक्षेपक नंतर बसवता येणार नाही का? आणि पुढच्या एफ-१२६ वर्गात या अनुभवातून काही बदलले आहे का?

प्रतिसाद १

प्रतिसाद ४ मधला मुद्दा मी मान्य करतो. २००७ च्या अटी लिहिताना निदान रिकामी जागा आणि वजनाची तरतूद राखून ठेवायला हवी होती. लेखणीच्या एका ओळीने जे त्या वेळी झाले असते ते आता कापाकापीने करावे लागेल.

प्रक्षेपक नंतर बसवणे अशक्य नाही, पण डेकला भोक पाडून नळ्या उतरवल्या इतके ते सोपे नसते. अमेरिकन बनावटीच्या प्रचलित प्रक्षेपकाची लांब आवृत्ती सुमारे पावणेआठ मीटर खोल असते, म्हणजे ती दोन-तीन डेक भेदून खाली जाते. तिथे आज राहण्याच्या खोल्या किंवा यंत्रे असतील तर ती हलवावी लागतात, कापलेल्या डेकची ताकद भरून काढावी लागते, आणि वर म्हटल्याप्रमाणे वजनाची शिल्लक तपासावी लागते. यानंतर संगणकीय लढाऊ प्रणालीला नव्या क्षेपणास्त्राची भाषा शिकवायची आणि ते सिद्ध करण्यासाठी प्रत्यक्ष मारा करून पाहायचा. एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. या जहाजावरचे रडार चार स्थिर फलकांचे आधुनिक रडार आहे, त्यामुळे डोळे चांगले आहेत, उणीव आहे ती लांब हाताची. डेकवर ठेवता येणारा, खाली न शिरणारा प्रक्षेपक हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग मला दिसतो.

प्रतिसाद ३

एफ-१२६ विषयी थोडे लिहितो. जहाज आणखी वाढले: लांबी १६६ मीटर आणि वजन दहा हजार टनांच्या पुढे. मुख्य कंत्राट २०२० मध्ये नेदरलँड्सच्या डामेन कंपनीला मिळाले, बांधणी मात्र जर्मनीतच ठरली आणि पहिल्या जहाजाचे, म्हणजे नीडरझाक्सनचे, पोलाद डिसेंबर २०२३ मध्ये वोल्गास्ट येथे कापायला घेतले. विमानविरोधी क्षेपणास्त्रांसाठी उभ्या नळ्या या वेळी आराखड्यातच आहेत. पाणबुड्यांच्या शोधासाठी जहाजामागे ओढत न्यायचा सोनार आणि त्याची उपकरणे हा एक स्वतंत्र संच म्हणून चढवायचा आणि गरज संपली की उतरवायचा, अशी योजना आहे. ही कल्पना हॅम्बुर्गला नवी नाही. ब्लोम उंड फॉसने मेको जातीच्या जहाजांत शस्त्रे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठराविक मापाच्या पेट्यांत बसवण्याची पद्धत १९८० च्या सुमारासच रुजवली होती, आणि नायजेरियाचे अराडू हे त्या पद्धतीचे पहिले जहाज.

या वेळी घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. आराखड्याची संगणकीय माहिती एका कंपनीच्या प्रणालीतून दुसऱ्या गोदीच्या प्रणालीत नीट पोहोचेना, आणि २०२५ मध्ये सगळे वेळापत्रकच कोलमडले. पत्रा कापणाऱ्या यंत्राला अचूक रेखाचित्र हवे असते. ते आले नाही तर शेड, क्रेन आणि वेल्डर तयार असूनही काम थांबते. सलग दोन वर्षे बाहेर राहण्याची आणि माणसे विमानाने बदलण्याची एफ-१२५ ची अट मात्र नौदलाने एफ-१२६ साठीही कायम ठेवली आहे.